पडलेल्या उमेदवाराविषयी



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून प्रमुख पाहुण्याने कोणा यशस्वी पुरुषाचे चरित्र सांगावे अशी वहिवाट आहे; आणि समोर पारितोषिकांची रास मांडलेली व तुमचे कान शेलापागोट्यांकडे लागलेले असताना पराभवाचे आख्यान लावणारा पाहुणा औचित्यभंग करतो, असा अभिप्राय कोणी दिल्यास माझी हरकत नाही.

माझ्या आख्यानाची नायिका रेश्मा सौजानी. त्यांचे आईवडील मूळचे भारतीय वंशाचे. हुकूमशहा इदी अमीनच्या १९७२ च्या फर्मानामुळे युगांडातून परागंदा होऊन त्यांनी अमेरिकेत नवा संसार मांडला. त्यांची ही कन्या येल विद्यापीठात कायदा शिकली, न्यूयॉर्कच्या वित्तव्यवसायात नोकरीस लागली, आणि पूर्वी कोणतेही लोकनियुक्त पद भूषविलेले नसताना २०१० साली अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातील एका जागेसाठी स्वपक्षाच्याच विद्यमान सदस्य कॅरोलिन मलोनी यांच्याविरुद्ध उभी राहिली.

स्वपक्षाविरुद्ध उभे राहणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंडखोरी, हकालपट्टी आणि मागाहून घडणारी समेटाची बैठक उभी राहते. तेथे तसे नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हा प्रश्न तेथे पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत मतपत्रिकेनेच सोडवतात. आणि मॅनहॅटनच्या पूर्व भागापासून नदीपलीकडच्या क्वीन्सच्या काही वस्त्यांपर्यंत पसरलेला तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्यामुळे खरी झुंज नोव्हेंबरात नव्हे, तर सप्टेंबरातच व्हावयाची होती. अशा निवडणुकीत नवख्या माणसाची पहिली परीक्षा मतदानाच्या कितीतरी आधी होते. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे मतपत्रिकेवर नाव यावे म्हणून पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांच्या सव्वा हजार सह्या दारोदार फिरून गोळा कराव्या लागतात, आणि त्यांतील एकेका सहीवर आक्षेप घेऊन अर्जच नामंजूर करवून घेण्याची मुभा प्रतिस्पर्ध्याला असते. ही कटकट आहे खरी. पण जिचे नाव कोणाला ठाऊक नाही अशी व्यक्ती अनोळखी घराची घंटा वाजवून ‘मला उभे राहू द्या’ म्हणते आणि घरमालक लेखणी हाती घेतो, यात लोकशाहीचे जे शिक्षण आहे ते नागरिकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात मला कधी आढळले नाही.

सौजानीबाईंनी सुमारे तेरा लाख डॉलर खर्च केले. परंतु २००८ च्या आर्थिक अरिष्टाची जखम ओली असताना वित्तपेढ्यांशी असलेला त्यांचा संबंध प्रचारात लपणारा नव्हता, आणि मलोनीबाई १९९३ पासून त्या सभागृहात ठाण मांडून होत्या. १४ सप्टेंबरला मते मोजली तेव्हा सौजानींच्या पदरात अवघी १९ टक्के मते पडली.

पुढे २०१२ मध्ये त्यांनी मुलींना संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकविणारी संस्था काढली व ती नावारूपाला आली. प्रचारात शाळांतून हिंडताना संगणकाच्या वर्गात मुलीच दिसत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले होते. यावरून पराभव हीच यशाची पहिली पायरी असा बोध काढण्याचा मोह वक्त्यांना अनावर होतो. मला तो हिशेब मान्य नाही. पडलेल्या उमेदवारांपैकी बहुतेकांची पुढे कोठेही वाच्यता होत नाही, म्हणून त्यांचे उभे राहणे काही व्यर्थ ठरत नाही.

मला मोल वाटते ते त्या पराभवाच्या प्रकाराचे. पूर्वी अमेरिकेतही उमेदवार ठरत ते पक्षाच्या अधिवेशनांत, मूठभर धुरीणांच्या संमतीने. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट यांना अशा अधिवेशनांनी गव्हर्नरपदाची उमेदवारी १८९६ आणि १८९८ अशी दोनदा नाकारली. १९०० साली निवडून आल्यावर त्यांनी मतदारांच्या हाती उमेदवारनिवड देणाऱ्या कायद्याचा पिच्छा पुरवला आणि १९०४ मध्ये जनतेच्या कौलाने तो संमत करून घेतला. आपल्याकडे तिकिटासाठी मुंबई-दिल्लीचे खेटे घालणाऱ्या तरुणाला त्याचे नाव कोणी, कोणत्या कारणाने वगळले, याचा पत्ता बहुधा लागत नाही. सौजानींना मात्र आपल्याला किती जणांनी नाकारले हे जाहीररीत्या, आकड्यानिशी कळले. प्राथमिक निवडणुकीला पैसा फार लागतो आणि मतदानाला माणसे थोडी येतात, हे दोष मी झाकत नाही. पण बंद खोलीतील नकारापेक्षा हा नकार माणसाला अधिक सन्मानाने वागवतो. शिवाय तो कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो: १९९२ मध्ये विद्यमान सदस्याला पाडून आलेल्या मलोनीबाईच २०२२ साली, मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, प्राथमिक निवडणुकीत जेरी नॅडलर या जुन्या सहकाऱ्याकडून पराभूत झाल्या.

आता आपल्या घराकडे वळू. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानंतर आपल्या महाविद्यालयांतील प्रतिनिधी मतांऐवजी गुणांवर नेमले जाऊ लागले. त्याआधीच्या निवडणुकांतील दंगेधोपे व रक्तपात पाहता तो निर्णय अकारण नव्हता. पण त्यामुळे जिंकण्याबरोबर हरण्याचीही तालीम बंद पडली. म्हणून प्राचार्यमहाशयांच्या दफ्तरी माझी एक दरखास्त रुजू करून घ्यावी: पुढील वर्षीचा संमेलनचिटणीस मतपेटीतून निवडावा, आणि जो पडेल त्यालाही या व्यासपीठावर, प्रमुख पाहुण्यांच्या आधी, पाच मिनिटे बोलू द्यावे.