समितीवरची बाहेरची बाई

(वसई येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



विद्यापीठाच्या विभागांत आणि आपल्या भागातल्या महाविद्यालयांत समानता कशी येईल, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी प्राध्यापिका नाही. पण गेली काही वर्षे एका महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर 'बाहेरची सदस्य' म्हणून बसते आहे. तुमच्यापैकी काहींना अशी पत्रे आली आहेत, आणखी काहींना येतील. म्हणून त्या खुर्चीवरून जे दिसते तेच सांगते.

ही खुर्ची आली कुठून? राजस्थानातली भंवरीदेवी कुंभार समाजातली. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती तुटपुंज्या मानधनावर 'साथीन' म्हणून काम करत होती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर 'विशाखा' आणि इतर स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालाने सांगितले की तक्रार समितीची प्रमुख बाई असावी, निदान निम्म्या सदस्य बायका असाव्यात, आणि वरून दबाव येऊ नये म्हणून बाहेरच्या संघटनेचे कोणीतरी असावे. २०१३ साली त्याचा कायदा झाला. आज प्राध्यापिकेला जे संरक्षण आहे ते खेड्यातल्या एका बाईच्या लढ्यातून आले, हे आपण विसरायचे नाही.

आता विभागाकडे पाहू. वर प्रमुख, मग दोन-चार कायम प्राध्यापक. त्यांच्याखाली तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बायका, पीएच.डी. करणाऱ्या मुली, विद्यार्थिनी आणि कंत्राटी सफाई कामगार. पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही, हे तासिकावालीला प्रमुखाच्या तोंडाकडे बघूनच कळते. संशोधक मुलीचा प्रबंध मार्गदर्शकाच्या सहीसाठी अडतो. विद्यार्थिनीचे अंतर्गत गुण त्याच टेबलावर ठरतात. मग "आमच्या विभागात एकही तक्रार नाही" असे कोणी अभिमानाने सांगितले, तर मला त्यात समाधान वाटत नाही. तक्रार करायची कोणापुढे, आणि केल्यावर खायचे काय, हा खरा प्रश्न आहे.

डॉ. पायल तडवी आठवा. जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातली ही मुलगी मुंबईला नायर रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. आपण विभागात आधीच गाऱ्हाणे नेले होते, असे तिच्या आईने पुढे सांगितले. त्याच वर्षी आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आरोप बायकांवर होता, हेही लक्षात घ्या. विभागात बायका पुष्कळ आहेत म्हणजे समानता आहे, असे होत नाही.

आपला पालघर जिल्हा आदिवासींचा. भाताणे, पारोळकडची वारली किंवा कातकरी मुलगी वर्गात येते, तेव्हा तिच्या बोलण्याला हसतात, "कोट्यातली" म्हणतात. लैंगिक छळाची समिती म्हणते, जातीचे प्रकरण आमच्याकडे नाही. दुसरा कक्ष म्हणतो, बाईचे प्रकरण तिकडे न्या. पण मुलगी एकच असते आणि तिला दोन्ही एकाच वेळी सोसावे लागते. दोन्हीकडे तिच्या तक्रारीची नोंद करून घेणे आणि ती रस्त्यात हरवू न देणे, हे आपले काम आहे.

साध्या गोष्टीही पाहा. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर बायकांची स्वतंत्र लोकल सुरू झाली आणि १९९३ साली ती विरारपर्यंत आली. रेल्वेला जे कळले ते विभागाच्या वेळापत्रकाला अजून कळलेले नाही. चर्चासत्र संध्याकाळी सहाला ठेवतात, आणि विरारच्या पुढची मुलगी आली नाही की "तिला गोडी नाही" म्हणतात. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि वरती दोन वर्षांची मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. मला भेटलेल्या एकीला हे कोणी सांगितलेच नव्हते. तिने शिक्षण सोडायचे ठरवले होते.

तेव्हा पत्र आले की नुसती सही करून चहा पिऊन येऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम मागून घ्या आणि पहिल्याच बैठकीत पुढील गोष्टी विचारा.

समितीवर विभागप्रमुख किंवा अधिष्ठाता बसले आहेत का? नियमाने त्यांना बसता येत नाही. शिक्षकेतर दोघे आहेत का? विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी आहेत का?

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच तिचे पेपर तपासतो आहे का? चौकशी चालू असताना त्याला त्यापासून दूर ठेवता येते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजाही देता येते. हे तिला समजावून सांगा, म्हणजे ती मागेल.

तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. तारखा स्वतःच्या वहीत लिहा. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही नको.

आणि समितीतल्या सदस्यांची नावे व फोन नंबर मराठीत कुठे लावले आहेत, ते जाऊन पाहा. प्राचार्यांच्या दालनाबाहेर लावून उपयोग नाही. मुलींच्या स्वच्छतागृहापाशी लावा. तिथे सफाई करणारी बाईही ते वाचेल, किंवा कोणाकडून वाचून घेईल. ती कंत्राटी असली तरी कायदा तिचाही आहे.

येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. त्याआधी प्रत्येक मंडळाने आपल्या भागातले एक महाविद्यालय वाटून घ्यावे, दोघी-दोघींनी जाऊन हे प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे लिहून पुढच्या बैठकीला आणावीत. कोण कुठे जाणार, ती यादी आजच करू या.