कोंड्यात गेलेले सत्त्व



आज मी तुमच्याशी भाताबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, भातावर काय बोलायचे? रोज रांधतो, रोज खातो. मीही आधी असेच म्हणत होते.

लग्न होऊन मी कोकणात आले. सासूबाई उखळात भात कांडायच्या. तो तांदूळ तांबूस दिसे. चार पाहुण्यांत तो वाढायची मला लाज वाटे. पुढे गावात गिरणी आली. मला फार आनंद झाला. मुसळ सुटले! मी गिरणीवाल्याला सांगे, "दादा, दोनदा फिरव." तांदूळ मोगऱ्याच्या कळीसारखा निघे. कोंडा जाई म्हशीला. सासूबाई म्हणत, "पोरी, म्हस बघ कशी तजेलदार झालीय! तुझ्या तोंडावरचं तेज मात्र म्हशीनं खाल्लं." मी हसून सोडून देई.

त्यांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते, हे मला फार उशिरा कळले. एका डॉक्टराची आणि कोंबड्यांची हकिकत वाचली, तेव्हा कळले. ती तुम्हाला सांगते.

जावा नावाचे बेट आहे. तिथे डच लोकांचे राज्य होते. तिथले शिपाई आणि कैदी एका रोगाने हैराण झाले होते. पाय बधिर व्हायचे. अंगाला सूज यायची. छाती धडधडायची आणि माणूस मरायचा. या रोगाला बेरीबेरी म्हणतात. आइकमन नावाचा डॉक्टर त्याचा शोध घेत होता. त्याला वाटे, हा जंतूंचा रोग आहे.

त्याने कोंबड्या पाळल्या होत्या. १८९० च्या सुमारास त्या कोंबड्याच लटपटू लागल्या. त्यांना उभे राहवेना. मग काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. औषध नाही, पाणी नाही! असे कसे झाले? डॉक्टराने चौकशी केली. लष्करी दवाखान्यात उरलेला पांढरा भात कोंबड्यांना घालत असत. मग तिथला आचारी बदलला. नवा आचारी म्हणाला, "लष्कराचा भात कोंबड्यांना मिळणार नाही." म्हणून त्यांना साधा, न सडलेला तांदूळ घालू लागले. त्यानेच त्या सुधारल्या. आचाऱ्याच्या चिक्कूपणाने केवढे काम केले बघा!

पुढे जावातले शंभरावर तुरुंग तपासले. जिथे कैद्यांना पांढरा तांदूळ मिळे, तिथे रोग जास्त. जिथे कोंड्यासकट तांदूळ मिळे, तिथे अगदी थोडा. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याचे कारण सोपे आहे. तुसाखाली कोंड्याचा पातळ पापुद्रा असतो. दाण्याच्या टोकाला कोंब असतो. ब-१ नावाचे जीवनसत्त्व बहुतेक तिथेच असते. गिरणीत ते घासून निघते. थोडेफार उरते, ते आपण तांदूळ पाच पाण्यांनी धुऊन घालवतो. वर भात वेळून पाणी ओतून देतो.

जो डाळ, कुळीथ, शेंगदाणे खातो, त्याला पांढऱ्या भाताची एवढी भीती नाही. भीती आहे ती बाळंतिणीला. आपण तिला पथ्य म्हणून नुसता मऊ भात आणि तूप देतो. डाळ बाधते, भाजी बाधते म्हणतो. मग तिच्या दुधात हे सत्त्व उतरत नाही. दोन-तीन महिन्यांचे बाळ दूध ओढीना, त्याचा रडण्याचा आवाज बसला, त्याला धाप लागली, तर दृष्ट काढत बसू नका. त्याच पावली दवाखाना गाठा. वेळेवर सुई मिळाली तर असे बाळ तासाभरातही सुधारू लागते. उशीर झाला तर हाती लागत नाही.

मग काय, परत मुसळ धरायचे? मी तसे म्हणत नाही. माझे खांदे अजून दुखतात! गिरणीवाल्याला एवढेच सांगा, "फक्त तूस काढ, पॉलिश नको." असा तांदूळ अर्धा तास भिजत घाला. पाणी जास्त ठेवा. शिजायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशी घरचे कुरकुरतील. आमच्याकडे आठ दिवस कुरकुर चालली. एकदम सगळा भरडून ठेवू नका. कोंड्यात तेल असते, त्याने तांदूळ खवट होतो. महिन्यापुरताच काढा.

कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. तोही चांगला. भात उकडताना कोंड्यातले सत्त्व दाण्यात मुरते. मग गिरणीत ते सगळे जात नाही. आपल्या जुन्या बायांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती.

मी पिशवीत दोन्ही तांदूळ आणले आहेत. पुढे या, हातावर घेऊन बघा. मागे चुलीवर तांबड्या तांदळाची पेज आहे, तीही चाखा. मीठ घरून आणायला विसरले, तेवढे कोणीतरी आणा.