निर्णयाची वही कुठे ठेवायची?



काही वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेच्या सर्व्हर रूममध्ये पहाटे तीन वाजता आम्ही चौघं स्क्रीनसमोर उभे होतो. डेटाबेस क्लस्टरचा पहिला नोड वीजपुरवठ्यातल्या बिघाडानं अचानक बंद पडला होता. त्यासाठीच तर दुसरा नोड ठेवलेला होता, आणि त्यानं मिनिटभरात एसक्यूएल सर्व्हर आपल्याकडे घेतला. क्लस्टर मॅनेजरमध्ये सगळीकडे हिरव्या खुणा होत्या. खात्यांचा मुख्य डेटाबेस मात्र उघडेना. त्याच्या नावापुढे 'सस्पेक्ट' असा शेरा होता आणि एरर लॉगमध्ये ३४३७ क्रमांकाची नोंद होती: एका व्यवहाराचा निकाल काय लागला हे विचारायचं आहे, पण एमएसडीटीसीशी संपर्क होत नाही.

एमएसडीटीसी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा व्यवहार-समन्वयक, डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर. दुसऱ्या नोडवर ही सेवा बंदच होती. आम्ही ती सुरू केली, पण तिच्या वहीत, म्हणजे लॉगमध्ये, त्या व्यवहाराचा मागमूस नव्हता. ज्या वहीत तो होता, ती मेलेल्या मशीनच्या सी ड्राइव्हवर पडली होती. आज मला त्या वहीबद्दल बोलायचं आहे.

एकाच डेटाबेसमधला व्यवहार सोपा असतो. एका खात्यातून वजा, दुसऱ्यात जमा, आणि मध्ये काही बिघडलं तर दोन्ही रद्द. त्याचा एकच लॉग आणि एकच मालक. पण वजा एका सर्व्हरवर आणि जमा दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर? दोघांनाही आपापलं काम पक्कं करता येतं, पण 'समोरच्यानं केलं का?' हे कुणालाच ठाऊक नसतं. या प्रश्नावर ज्यांनी फार मूलभूत काम केलं, त्यांत जिम ग्रे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. आयबीएममध्ये असताना १९७८ साली त्यांनी डेटाबेस चालवणाऱ्या प्रणालींवर प्रदीर्घ टिपणं प्रसिद्ध केली; दोन टप्प्यांत व्यवहार पक्का करण्याची पद्धत, टू-फेज कमिट, त्यांत मांडलेली आहे. ती समजावताना ते चर्चमधल्या लग्नाचा दाखला देत. धर्मगुरू दोघांनाही वेगवेगळं विचारतो. दोघांचाही होकार आला की मगच तो लग्न झाल्याचं जाहीर करतो. एकाचा जरी नकार आला तरी लग्न नाही.

यातला दोन होकारांनंतरचा आणि जाहीर करण्याआधीचा क्षण फार नाजूक असतो. डेटाबेसनं 'मी तयार आहे' असं सांगून ते आपल्या लॉगमध्ये लिहिलं, की त्याला स्वतःहून मागेही जाता येत नाही आणि पुढेही जाता येत नाही. ज्या ओळींना त्यानं कुलूप लावलं, ती कुलपं तशीच राहतात. निर्णय आता एकट्या समन्वयकाच्या हातात असतो, आणि तो निर्णय म्हणजे समन्वयकाच्या लॉगमधली एक ओळ. ती लिहिली गेली की व्यवहार झाला. तोपर्यंत कुणी काहीही म्हणो, तो झालेला नाही. नेमकं याच क्षणी समन्वयक नाहीसा झाला, तर तयार होऊन बसलेल्यांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. डेल स्कीन यांनी १९८१ साली वाट पाहायला न लावणारी पद्धत मांडली. पण ती नेटवर्क मध्येच तुटलं तर टिकत नाही, म्हणून रोजच्या कामात दोन टप्पेच राहिले.

मायक्रोसॉफ्टनं हा समन्वयक १९९६ साली एसक्यूएल सर्व्हर ६.५ बरोबर आणला. पुढच्याच वर्षी विंडोज एनटीसाठी क्लस्टर आला. कंपनीत त्याला वुल्फपॅक म्हणत. फेलओव्हर क्लस्टरमध्ये दोन किंवा अधिक मशीन एकाच सामायिक डिस्कभोवती उभी असतात. एक पडलं की दुसरं डिस्क, नाव आणि आयपी पत्ता आपल्याकडे घेतं. बाहेरच्यांना वाटतं की तोच सर्व्हर पुन्हा सुरू झाला. डेटाबेसच्या फाइली सामायिक डिस्कवर असतात, म्हणून हे जमतं. समन्वयकाची वही स्थानिक डिस्कवर राहिली, तर डेटाबेस दुसऱ्या घरी गेला आणि त्याची जमाखर्चाची वही जुन्या घरात अडकली, अशी गत होते. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

म्हणून समन्वयकालाही क्लस्टरचा घटक करावा लागतो. फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमध्ये डीटीसीचा रोल तयार करायचा आणि त्याला तीन गोष्टी द्यायच्या: स्वतःचं नेटवर्क नाव, आयपी पत्ता आणि सामायिक डिस्क. डिस्क मोठी लागत नाही. डीटीसीचा लॉग मुळात ४ एमबीचा असतो, एखादा जीबी पुष्कळ झाला. विंडोज सर्व्हर २००३ पर्यंत सगळ्या क्लस्टरला मिळून एकच डीटीसी असे. २००८ पासून हवे तितके ठेवता येतात. म्हणून माझा आग्रह असा, की प्रत्येक एसक्यूएल इन्स्टन्सच्या रोलमध्येच त्याचा डीटीसी ठेवावा. दोघं एकत्र हलतात, आणि इन्स्टन्स आपल्या रोलमधला समन्वयक आधी शोधतो. वेगळा रोल केला तर कोणत्या इन्स्टन्सनं कोणता समन्वयक वापरायचा याची जोडणी आज्ञेनं करून द्यावी लागते, आणि ती जोडणी दोन वर्षांनी आलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. मात्र डीटीसी बिघडला म्हणून सगळा रोल दुसऱ्या नोडवर जाऊ नये, यासाठी त्या घटकाच्या गुणधर्मांतली तशी मुभा देणारी खूण काढायला हवी. समन्वयकाच्या तापानं बँकेचा डेटाबेस बंद पडणं कुणालाच परवडणारं नाही.

पुढची पायरी सुरक्षेची, आणि इथे मी अनेक चांगली माणसं चुकताना पाहिली आहेत. कॉम्पोनंट सर्व्हिसेसमध्ये 'लोकल डीटीसी' आणि 'क्लस्टर्ड डीटीसीज' अशा दोन फांद्या असतात. माणूस सवयीनं पहिली उघडतो, नेटवर्क डीटीसी ॲक्सेस चालू करतो, येणाऱ्या आणि जाणाऱ्या व्यवहारांना परवानगी देतो आणि समाधानानं उठतो. क्लस्टरचा डीटीसी मात्र जसाच्या तसा बंद राहतो. परवानगी दुसऱ्या फांदीवर द्यायची असते, आणि व्यवहारात सहभागी होणाऱ्या प्रत्येक मशीनवर द्यायची असते. फायरवॉलमध्ये १३५ क्रमांकाचं पोर्ट आणि त्यामागून आरपीसी वापरतं ती बदलती पोर्टं (२००८ पासून ४९१५२ ते ६५५३५) उघडावी लागतात, कारण संवाद दोन्ही दिशांनी होतो. दोन्ही मशीनना एकमेकांची नावंही ओळखता आली पाहिजेत. आणि एकाच इमेजवरून दोन सर्व्हर उभे केले असतील तर दोघांच्या डीटीसीची ओळख-खूण एकच निघते. दोघंही चालू दिसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. अशा वेळी डीटीसी काढून पुन्हा बसवावा लागतो. हा दोष शोधायला मला एकदा पूर्ण दिवस लागला होता.

आता मोहाबद्दल बोलतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अनिर्णित व्यवहारांसाठी 'इन-डाउट एक्झॅक्ट रेझोल्यूशन' नावाची सेटिंग आहे. शून्य म्हणजे काहीच गृहीत धरू नको, एक म्हणजे झाला असं धर, दोन म्हणजे रद्द धर. मूळ मूल्य शून्य असतं, म्हणूनच आमचा डेटाबेस 'सस्पेक्ट' म्हणून थांबला. पुष्कळांना तो थांबणं म्हणजे दोष वाटतो आणि ते आधीच एक किंवा दोन करून ठेवतात. मला ते मान्य नाही. डेटाबेस थांबला तो प्रामाणिकपणानं: जे मला माहीत नाही ते मी ठरवणार नाही, असं त्यानं सांगितलं. तसंच वजा दोनचं. एखादी ओळ कुलूपबंद असते आणि ते कुलूप धरणारं सेशन वजा दोन असं दिसतं. म्हणजे मालक निघून गेलेला वितरित व्यवहार. त्या व्यवहाराचा जीयूआयडी शोधून तो 'किल' करता येतो, पण दुसऱ्या टोकाला काय झालं हे पाहिल्याशिवाय तसं करणं म्हणजे एका खात्यातले पैसे हवेत सोडणं.

याच एमएसडीटीसीच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या पॅट हेलँड यांनी २००७ साली वितरित व्यवहारांपलीकडच्या जगाबद्दल निबंध लिहिला. अतिशय मोठ्या व्यवस्थांमध्ये हे जमत नाही, तिथे निरोप आणि भरपाई यांवर काम उभारावं लागतं, असा त्यांचा रोख होता. मलाही वाटतं की शक्य तिथे एका व्यवहारात दोन सर्व्हर गुंतवू नयेत. पण लिंक्ड सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालणारी कामं एका रात्रीत बदलत नाहीत, आणि तोवर खातेदाराचे पैसे सुरक्षित राहिले पाहिजेत. सामायिक डिस्कऐवजी डेटाबेसच्या प्रती ठेवणाऱ्या अव्हेलेबिलिटी ग्रुपकडे गेलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं, की २०१२ साली ते आले तेव्हा वितरित व्यवहारांना आधारच नव्हता. तो २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं आला आणि ग्रुपच्या सेटिंगमध्ये मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

योगायोग असा, की त्याच २००७ च्या जानेवारीत जिम ग्रे सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच होडी घेऊन फॅरलॉन बेटांकडे निघाले आणि परतले नाहीत. त्यांना शोधण्यासाठी उपग्रहचित्रं मिळवली गेली आणि असंख्य लोकांनी आपापल्या घरी बसून ती चित्रं न्याहाळली. त्यांचा पत्ता लागला नाही.

बँकेतल्या त्या पहाटे आम्ही व्यवहारात सहभागी असलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन पाहिलं. तिथे तो व्यवहार पक्का झालेला होता; म्हणजे समन्वयकानं होकाराची ओळ लिहिली होती. आम्ही सेटिंग एकवर नेली, इन्स्टन्स पुन्हा सुरू केला, डेटाबेस उघडला आणि सेटिंग लगेच शून्यावर आणली. अडकलेला व्यवहार एकच होता म्हणून हे जमलं. दोन असते आणि दोघांचे निकाल वेगळे असते, तर एका आकड्यात दोघांना न्याय देता आला नसता. साडेसहाला शाखा व्यवस्थापकांना फोन केला. पुढच्या रविवारी डीटीसीला स्वतःची सामायिक डिस्क दिली, चाचणीचे व्यवहार सतत चालू ठेवले आणि पहिल्या नोडची वीज हातानं तोडली. या वेळी दुसऱ्या नोडवर डेटाबेस उघडला, तेव्हा वही त्याच्यासोबत होती.