बाकी शून्य कधी होणार?

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी वही घेऊन घरी आला. त्याने सावकाराकडून शेकडा दोन रुपये दरमहा व्याजाने एक लाख रुपये घेतले होते. "सर, दर महिन्याला दोन हजार भरतोय. चार वर्षांत ९६ हजार गेले, पण मुद्दल अजून लाखच. हिशेब कुठं चुकतोय?"

हिशेब चुकत नव्हता. लाखाचे महिन्याचे व्याजच दोन हजार होते.

मी आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर बाकी. त्याच्या कर्जाची रेघ आडव्या अक्षाला समांतर होती. ती त्याला कधीच छेदणार नव्हती. हप्ता १,९०० असता तर ती वर चढत गेली असती.

"आता हप्ता अडीच हजार धर," मी म्हटले. बाकी काढायची ती अशी : २५ हजार गुणिले १.०२ चा घात, ही रक्कम सव्वा लाखातून वजा. घातांक म्हणजे सरलेले महिने. शून्य महिन्याला १.०२ चा घात एक, म्हणून बाकी एक लाख. आलेख उभ्या अक्षाला छेदतो तो हा बिंदू. आडव्या अक्षावर बाकी शून्य हवी, म्हणजे १.०२ चा घात ५ व्हायला हवा. लॉगॅरिदमने उत्तर येते ८१.२७. म्हणजे ८२व्या हप्त्याला कर्ज फिटते.

हप्ता तीन हजार केला तर? सूत्र होते दीड लाख वजा ५० हजार गुणिले तोच घात. आता घात फक्त ३ हवा. उत्तर ५५.४८, म्हणजे ५६वा हप्ता. पाचशे रुपये वाढवले आणि २६ महिने वाचले. एकूण भरणाही सुमारे ३७ हजारांनी कमी झाला.

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, लॉगॅरिदम तुम्हीच शिकवलं होतं. हे नव्हतं सांगितलं."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी गुणांसाठी शिकवले होते.

श्रोतेहो, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारा : या हप्त्याने बाकी कितव्या महिन्यात शून्य होईल? माझा विद्यार्थी आता तीन हजार भरतो. कर्ज अजून फिटलेले नाही, पण शेवटचा महिना त्याने वहीत लिहून ठेवला आहे.