गोष्ट आपली, नावही आपलं



कमी पैशांत सिनेमा करणाऱ्यांना आधी लागते ती चांगली गोष्ट, आणि ती लिहून देणारं माणूस. ते मुंबईतच सापडतं असं नाही. सुमित्रा भावे समाजकार्यातून आल्या. वस्तीतल्या एका बाईवर त्यांनी १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढेही आपल्या सिनेमांच्या पटकथा त्या स्वतः लिहीत.

आम्ही गटात असं ठरवलंय: बैठकीत एकीनं सांगायचं, लिहितावाचता येणारीनं उतरवायचं. बाई कोण, तिला काय हवंय, आडवं काय येतं, शेवट काय होतो, एवढं एका पानात. गोष्ट दुसरीची असेल तर आधी तिला विचारायचं.

सिनेमावाले दारी आले तर लगेच सगळं सांगू नका. कॉपीराइटचा कायदा नुसत्या कल्पनेला हक्क देत नाही, लिहिलेल्या मजकुराला देतो. म्हणून आधी लिहा, तारीख घाला, प्रत जपून ठेवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन पटकथेची नोंदणीही करता येते.

पडद्यावर नाव आणि हातात मोबदला, दोन्ही कागदावर घ्या. कर्जाचा कागद वाचून सही करतो ना आपण? मग हाही वाचूनच.