वकिलाची सही आणि काळा पैसा

शहराच्या कडेला एखादा भूखंड घ्यावयाचें ठरलें, म्हणजे शहाणा गृहस्थ आधीं वकिलाकडे जातो. छत्रपति संभाजीनगरांत तर हें विशेष अगत्याचें आहे. कारण येथील जमिनीचा इतिहास निजामी अमलापासून चालत आलेला. जाणता वकील सातबारा आणि फेरफार पाहून थांबत नाहीं. तो जुनें खासरा पत्रक काढावयास लावतो, जमीन इनामाची होती कीं काय हें तपासतो, मागील तीस वर्षांचे दस्त चाळतो आणि मग आपला अभिप्राय लिहून देतो. जमीन कोणाची, हा प्रश्न विचारल्याबद्दल त्याच्यावर कोणी रागावत नाहीं. परंतु तोच वकील जेव्हां पैसा कोठून आला असें विचारतो, तेव्हां समोरच्या गृहस्थाच्या कपाळाला आठी पडते. आपल्या सचोटीविषयीं शंका घेतली गेली असें त्याला वाटतें. वस्तुतः पहिला प्रश्न जितका रास्त, तितकाच दुसराही रास्त आहे. आणि तो न विचारणारा वकील अशिलाचा हितकर्ता नव्हे.

गुन्ह्यांतून मिळालेल्या पैशाची मोठी अडचण अशी कीं, तो उघडपणें खर्च करतां येत नाहीं. लांच, अपहार, अमली पदार्थांचा व्यापार किंवा ठेवीदारांची फसवणूक यांतून आलेली रक्कम घरांत ठेवावी तर चोराचें भय, आणि बँकेंत भरावी तर चौकशीचें भय. म्हणून तिला सभ्य घराण्याची ओळख मिळवून द्यावी लागते. हें काम तीन पायऱ्यांनीं होतें. प्रथम रोकड कोठें तरी व्यवहारांत शिरते. मग ती अनेक हातांतून, खात्यांतून आणि कंपन्यांतून फिरविली जाते. आणि शेवटीं जमीन, घर अथवा धंद्याचें भांडवल या रूपानें ती उजळ माथ्यानें बाहेर येते. या पायऱ्या चढावयाच्या तर कागद लागतो, आणि कागद म्हटला कीं वकील आला. नोकराच्या नांवें खरेदीखत, मेहुण्याच्या नांवें विश्वस्त निधि, मागील तारखेचा कर्जरोखा, कोणताही धंदा न करणारी कंपनी, हीं सारीं त्याच्याच मेजावर तयार होतात.

सर्वांत साधी युक्ति तर अशी: एक अनोळखी इसम येतो, जमिनीच्या सौद्यासाठीं म्हणून मोठी रक्कम वकिलाच्या खात्यांत भरतो, आठ दिवसांनीं सौदा मोडला असें सांगतो आणि तेवढ्याच रकमेचा धनादेश परत मागतो. सौदा मुळांत नव्हताच. त्याला हवा होता तो वकिलाच्या सहीचा धनादेश. उद्यां कोणी विचारलें, तर हा पैसा वकिलाकडून आला असें सांगावयास तो मोकळा होतो.

यावर उपाय म्हणून ‘प्रिव्हेन्शन ऑफ मनी लाँडरिंग ॲक्ट’ हा कायदा २००२ सालचा. तो १ जुलै २००५ पासून अमलांत आला. गुन्ह्यांतून उत्पन्न झालेली मालमत्ता लपविणें, बाळगणें, वापरणें, ती निष्कलंक आहे असें भासविणें, अथवा या कामीं जाणूनबुजून साहाय्य करणें, हा त्या अन्वयें गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि दंड; मूळ गुन्हा अमली पदार्थांचा असल्यास दहा वर्षांपर्यंत. याच कायद्यानें बँका आणि वित्तसंस्था यांवर आणखी एक कर्तव्य टाकलें आहे. ग्राहकाची ओळख पटवावी, व्यवहाराच्या नोंदी पांच वर्षें जपाव्या आणि संशयास्पद व्यवहाराची वर्दी सरकारच्या नेमलेल्या विभागास द्यावी. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेनें हें कर्तव्य चार्टर्ड अकौंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकौंटंट यांवरही आलें. अशिलाच्या वतीनें स्थावराची खरेदीविक्री, त्याच्या पैशाची वा खात्यांची व्यवस्था, कंपनीची वा विश्वस्त संस्थेची उभारणी, अशीं कामें त्यांनीं केलीं, तर त्या कामापुरते ते बँकेच्या पंक्तीस बसतात.

वकिलाचें नांव त्या अधिसूचनेंत नाहीं. इंग्लंडांत सॉलिसिटरला अशा व्यवहारांत अशिलाची ओळख आणि गरजेप्रमाणें पैशाचा उगम तपासावाच लागतो, आणि संशय आल्यास वर्दी द्यावी लागते. ‘फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स’ ही आंतरराष्ट्रीय संस्था २००३ पासून अशाच बंधनाचा आग्रह धरीत आली आहे, आणि भारत २०१० पासून तिचा सभासद आहे. मुंबईस सॉलिसिटरांची परंपरा जुनी असून त्यांची ‘बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी’ १८९४ सालची. संभाजीनगरांत २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें पीठ बसूं लागलें. तरी सॉलिसिटर निराळा आणि कोर्टांत बोलणारा निराळा, अशी वांटणी येथें रुजली नाहीं. दस्त लिहिणारा आणि दावा चालविणारा वकील बहुधा एकच. म्हणून हा प्रश्न येथील प्रत्येक सनदधारकाचा आहे.

वर्दी देण्याचें बंधन नाहीं, म्हणून वकील मोकळा आहे काय? तसें मुळींच नाहीं. जाणूनबुजून साहाय्य करणारा, मग तो कोणीही असो, गुन्हेगार होतो. त्यांत वकिलीच्या सनदेला सूट नाहीं. अशिलाचें गुपित राखणें हा वकिलाचा जुना धर्म खरा. परंतु त्या गुपिताचीही मर्यादा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत उदाहरणें देऊन सांगितलेली होती, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्यें ती कायम आहे. आपल्या हातून बनावट दस्ताचा गुन्हा घडला, आतां बचाव करावा, असें अशील म्हणाला, तर तें बोलणें सुरक्षित. बनावट दस्ताच्या बळावर मिळकत ताब्यांत मिळवून द्यावी असें तो म्हणाला, तर त्या बोलण्याला संरक्षण नाहीं. घडून गेलेल्या अपराधाचा बचाव हें वकिलाचें काम. पुढें घडवावयाच्या अपराधाची आखणी हें त्याचें काम नव्हे. हा भेद ज्याला कळला, त्याला आपल्या कर्तव्याचें सार कळलें.

न्यायालयांनीं हा तोल दोन्ही बाजूंनीं सांभाळला आहे. गृहकर्जाच्या एका प्रकरणांत बँकेच्या वकिलावर कटाचा आरोप होता. अभिप्राय चुकला एवढ्यानें वकील कटांतला भागीदार होत नाहीं, त्याचा प्रत्यक्ष हात दिसावा लागतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं ठरविलें; तथापि घोर निष्काळजीपणा वा गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्याची जबाबदारी राहते, असेंही सांगितलें. तपासी अधिकाऱ्यांनीं वकिलांस बोलावून अशिलाची माहिती मागूं नये, कलम १३२ च्या अपवादांत बसत असेल तरच आणि वरिष्ठांच्या संमतीनेंच समन्स काढावें, असा निर्णय त्याच न्यायालयानें ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिला. हें संरक्षण प्रामाणिक वकिलासाठीं आहे, आणि त्याहूनही अधिक त्याच्या अशिलासाठीं आहे.

फौजदारी न्यायालयापलीकडे वकिलाला आणखी एका न्यायासनापुढें उभें रहावें लागतें. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ प्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलची शिस्तपालन समिति त्याला ताकीद देऊं शकते, कांहीं मुदतीपुरती सनद स्थगित करूं शकते, किंवा पटावरून त्याचें नांव कायमचें काढून टाकूं शकते. येथील वकिलांवर हा अधिकार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचा. त्यावर अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे. कायद्याचे शब्द ‘व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन’ असे व्यापक आहेत. शिवाय अशिलाच्या पैशाचा चोख हिशेब ठेवणें आणि तो मागतांच देणें, हें बार कौन्सिलच्या नियमांनीं वकिलावर बंधनकारक केलें आहे.

या शिक्षेची धार किती तीक्ष्ण आहे, तें २००२ सालच्या एका निकालांत दिसतें. उत्तर प्रदेशांतील एका वकिलानें आपल्या वृद्ध, निरक्षर अशिलाची भूसंपादनाची भरपाई न्यायालयांतून काढली आणि त्याला दिली नाहीं. रक्कम होती अवघी ८,११८ रुपये. तक्रार झाल्यावर तडजोड झाल्याचें अशिलाच्या नांवाचें प्रतिज्ञापत्र त्यानें पुढें केलें. तेंही बनावट निघालें. बार कौन्सिलनें त्याची सनद स्थगित केली होती. वकील अपिलांत गेला, तेव्हां सर्वोच्च न्यायालयाला ती शिक्षा अपुरी वाटली आणि त्याचें नांव पटावरूनच काढलें गेलें. जायकवाडीच्या धरणापासून शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत ज्या जिल्ह्यांत संपादनाच्या मोबदल्यावर कित्येक कुटुंबांचें पुढील आयुष्य अवलंबून राहिलें, तेथें या निकालाचें मोल निराळें सांगावयास नको. हा अपहार होता, काळा पैसा पांढरा करणें नव्हे. परंतु मूळ एकच. दुसऱ्याचा पैसा वकिलाच्या खात्यांत आला, कीं त्याची शुचिता हा वकिलाच्या इभ्रतीचा प्रश्न होतो.

सावध वकिलाला मोठी विद्या लागत नाहीं. अशील खरोखर कोण, नांव एकाचें आणि पैसा दुसऱ्याचा असें तर नाहीं, किंमत बाजाराहून फार निराळी कां, घाई कशाची, हें तो विचारतो. मिळालेलीं उत्तरें टिपून ठेवतो. ज्यासाठीं काम नाहीं असा पैसा आपल्या खात्यांत घेत नाहीं. आणि समाधान न झाल्यास वकीलपत्र नाकारतो. नाकारलेल्या कामाची फी बुडते, परंतु सनद टिकते.

घर घेणाऱ्या कुटुंबाचाही यांत स्वार्थ आहे. गुन्ह्याच्या पैशाची मालमत्ता प्रथम १८० दिवसांपर्यंत तात्पुरती जप्त होऊं शकते आणि पुढें ती जप्ती कायम केली जाऊं शकते. आयुष्याची पुंजी घालून घेतलेलें घर अशा फेऱ्यांत सांपडलें, तर आपण निर्दोष आहों हें सिद्ध करण्यांतच वर्षें जातात. तेव्हां वकिलानें पैशाचा उगम विचारला, तर पगाराचा दाखला, कर्जाचा मंजुरी-कागद, बँकेचें पासबुक त्याच्यापुढें मोकळ्या मनानें ठेवावें. आणि विक्रेत्याकडे ती मिळकत कोणत्या पैशानें आली, हें त्यानेंही शोधावें असा आग्रह धरावा. ज्या वकिलाला हा प्रश्न आवडत नाहीं, त्याच्या अभिप्रायावर घराचा पाया घालूं नये.