एकटा किती चढाया करणार?

आज कोडिंग नाही, मुलाखत नाही, पाहुणाही नाही. आज मी एकटाच आहे आणि कबड्डीवर बोलणार आहे. सुरुवात मात्र बास्केटबॉलने करतो. का, ते कळेलच.

2016 चा जून. मी बीटेकला होतो. सकाळी साडेसहाला हॉस्टेलवर चार-पाच जण एका लॅपटॉपभोवती डोकी घालून एनबीएची फायनल बघत होतो. क्लीव्हलंड मालिकेत 3-1 ने मागे, म्हणजे अजून एक सामना हरले की घरी. त्या पाचव्या सामन्यात लेब्रॉन जेम्सने 41 गुण केले आणि कायरी अर्विंगनेही बरोब्बर 41. फायनलच्या एकाच सामन्यात एकाच संघातल्या दोघांनी चाळिशी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. 112-97 ने जिंकले, पुढचे दोन सामने घेतले आणि मालिकाही खिशात घातली.

तेव्हा मला वाटलं, दोन स्टार असणं म्हणजे हे. एक थकला की दुसरा मारतो. गोष्ट बरोबरच आहे, पण कबड्डीत एवढ्यावर भागत नाही. हे मला आमच्या आनंदनगरच्या मैदानावर कळलं, आणि जरा उशिराच कळलं.

आधी थोडं नियमांचं बोलतो. रोज कबड्डी बघणाऱ्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्या. आपल्याकडे पूर्वी कबड्डीचे तीन प्रकार खेळले जायचे : संजीवनी, गामिनी आणि अमर. अमरमध्ये बाद झालेला खेळाडू मैदानातच राहायचा, फक्त समोरच्याला गुण मिळायचा. गामिनीमध्ये बाद झालात की अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. आणि संजीवनीत तुमच्या संघाने समोरचा एक बाद केला की तुमचा एक आत येतो. आजची कबड्डी याच संजीवनीच्या नियमावर चालते.

आता बघा, बास्केटबॉल हा एका अर्थाने अमर आहे. लेब्रॉनचे दहा शॉट चुकले तरी तो कोर्टवरच असतो, अकरावा मारायला मोकळा. कबड्डीत तुमचा हुकमी चढाईपटू एकदा पकडला गेला की तो बाकावर. त्याला आत आणायचं तर कुणीतरी गुण मिळवायला हवा. तो कुणीतरी म्हणजे दुसरा चढाईपटू, किंवा बचावफळी. म्हणून समोरच्याचा डाव सोपा असतो : मोठ्या माश्याला एकदा धरा आणि मग त्याला बाहेरच ठेवा. तो बाहेर बसलेला प्रत्येक मिनिट त्यांच्या फायद्याचा.

आम्ही इंजिनिअर लोक याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. एक सर्व्हर पडला की सगळी साइट झोपते. फरक एवढाच की इथे सर्व्हरला गुडघे असतात. त्यावर येतोच.

प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा, 2023-24 चा. त्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता पवन सेहरावत. तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाखांहून जास्त मोजले. पवन वाईट खेळला का? अजिबात नाही. हंगामभर ढिगाने गुण केले. पण टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकले आणि तळाला राहिले. पवन आत असला की सामना चालू, बाहेर गेला की सगळे घड्याळाकडे बघतायत.

त्याच हंगामात आपली पुणेरी पलटण काय करत होती? सगळ्यात जास्त चढाई गुणांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं नव्हतं. सर्वोत्तम चढाईपटूचा मान दिल्लीच्या आशू मलिकला गेला. पलटणकडे कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला. हरियाणाचा मोहित गोयत. पंकज मोहिते. नाशिकचा आकाश शिंदे. म्हणजे चढाईला कुणाला पाठवायचं हा प्रश्नच नाही, कुणीही जाऊ शकतो. मागे इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, 2 कोटी 35 लाखांचा, आणि तोही अधूनमधून चढाईला जायचा. गुणतक्त्यात पलटण पहिली आली, 22 पैकी 17 सामने जिंकून. हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला अस्लम. गंमत म्हणजे 1 मार्च 2024 ला हैदराबादला अंतिम सामना झाला तेव्हा पलटणकडून सर्वाधिक गुण अस्लमचे नव्हते. पंकज मोहितेने 9 केले. पहिल्या डावात त्याने एका चढाईत चौघांना उडवलं आणि सामना पलटणकडे झुकला. 28-25 ने हरियाणा स्टीलर्सवर विजय, आणि पुण्याचं पहिलं विजेतेपद.

मी तो सामना रात्रीच्या लोकलमध्ये फोनवर बघितला. कल्याणनंतर नेटवर्क गेलं. ते अंबरनाथला उतरेपर्यंत आलं नाही.

या विजयामागे एक जुनी जखम होती. आदल्या हंगामाची फायनल, 17 डिसेंबर 2022, वरळीला. पलटण जयपूरकडून 33-29 ने हरली. तेव्हा अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे बाहेर. पंकजने उपांत्य सामन्यात 16 गुण काढून संघाला फायनलपर्यंत ओढलं, पण तिथे ते पुरलं नाही. तरी विचार करा, पहिले दोन चढाईपटू नसताना हा संघ फायनलला चार गुणांनी हरतो. बाकीच्या संघांचं काय झालं असतं?

आता कुणी म्हणेल, एकट्याच्या जोरावर कुणी जिंकतच नाही का? जिंकतात की. हाच पवन सेहरावत, सहाव्या हंगामाची फायनल, जानेवारी 2019. बेंगळूरु बुल्सचे 38 गुण, त्यातले 22 एकट्या पवनचे. गुजरातला हरवून विजेते. तो सामना मी अजूनही काढून बघतो. पण ती एक रात्र होती. अशी रात्र लागून येते, तिच्यावर अख्खा हंगाम उभा करता येत नाही, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

आता आनंदनगर. 2017 चा डिसेंबर, मी सुट्टीत घरी आलो होतो. अंबरनाथ पूर्वेला एमआयडीसीला लागून आमचं मैदान. मॅटबिट काही नाही, माती, आणि वारा फिरला की कारखान्यांचा वास. आमच्या संघात एक चढाईपटू होता. नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. उंच, लांब हात, आणि पाय असा फिरवायचा की कोपऱ्यातला माणूस नुसता बघत राहायचा. आमचे दहापैकी सात-आठ गुण त्याचे. दुसरा चढाईपटू मी. नावापुरता.

स्थानिक स्पर्धेचा उपांत्य सामना होता. मध्यांतराला दादाचा उजवा गुडघा सुजलेला. बर्फ लावला, पट्टी बांधली. दुसऱ्या डावात तिसऱ्या चढाईची वेळ आली. टीव्हीवर डू ऑर डाय म्हणतात ती. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर तुम्ही बाद आणि गुण त्यांना. समोर सहा जण. मी दादाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. दादा गेला.

गुण आणला त्याने. मग पुढची तिसरी चढाई, परत तोच. त्यानंतरची, परत तोच. चौथ्या वेळी त्यांच्या डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, मधल्यांनी वरून चेपलं, आणि गुडघा कुठल्या कुठे वळला. आवाज मला लाइनच्या बाहेर ऐकू आला. आम्ही सामना हरलो, त्याचं काही नाही. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशनला पैसे जमवायला वर्ष गेलं. नंतर तो खेळला नाही. आता एमआयडीसीतच एका कारखान्यात आहे, उभं राहायचं काम.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी गेलो असतो तर पकडला गेलो असतो, उपयोग काय? हिशोब नंतर समजला. तिसऱ्या चढाईत मी पकडला गेलो असतो तर काय गेलं असतं? एक गुण आणि मी. दादा आत राहिला असता, दम खाऊन. आणि पुढे त्याने एक बाद केला की मी परत आत. प्रो कबड्डीतले शहाणे संघ नेमकं हेच करतात, तिसऱ्या चढाईसाठी वेगळा माणूस ठेवतात, म्हणजे मुख्य चढाईपटूचा जुगार होत नाही. आमच्याकडे तो वेगळा माणूस होता. लाइनवर उभा होता, हाफ पॅन्टवरची माती झटकत.

गेल्या महिन्यात दादा भेटला, स्टेशनबाहेर, वडापावच्या गाडीवर. मी पहिल्यांदाच विषय काढला. म्हटलं, "दादा, तेव्हा मी गेलो असतो तर धरला गेलो असतो रे."

तो म्हणाला, "माहितीये. मग गेला का नाहीस?"

मी चहा सांगितला दोन. मग तो पलटणच्या बचावाबद्दल बोलत राहिला, लोकल येईपर्यंत.

चला, आज इथेच थांबतो. पुढच्या भागात पाहुणा आहे, बदलापूरचा, आणि तो खो-खोवर बोलणार आहे. भेटूया.